बीडचा माल, बाहेरचा कारखाना

9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्याविषयी निकाल द्यायला ज्याच्या हातात मोबाइल होता तो प्रत्येक जण मोकळा झाला. पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींच्या खंडणीची मागणी, हवेत पिस्तूल नाचवणाऱ्या पोरांच्या रील, नेत्यांच्या गाड्यांचे ताफे या सगळ्याची मोट बांधून एक सिद्धान्त तयार झाला. बीड म्हणजे महाराष्ट्राचा बिहार, इथल्या माणसाला कष्ट नकोत, जात हवी आणि दहशत हवी, म्हणून इथे कारखाना येत नाही आणि आला तरी टिकणार नाही, असा तो सिद्धान्त. पुण्यात बसलेला उद्योजक तो सांगतो, गुंतवणुकीवर व्हिडिओ करणारा सल्लागार सांगतो, आणि वाईट याचे वाटते की बीडमधली शिकलेली मुलेही आता तो मान खाली घालून कबूल करतात. माझ्या मते हा सिद्धान्त चुकीचा आहे आणि त्यात क्रम उलटा लावलेला आहे. बीडमध्ये कारखानदारी का रुजली नाही याची कारणे पाणी, रेल्वे, भांडवल आणि मालकी यांच्या इतिहासात आहेत. त्यांच्या तारखा सांगता येतात. खंडणी या पोकळीत वाढली. पोकळी मात्र तिच्या आधीपासून होती.

सुरुवात कष्टांपासून करू, कारण आरोपाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. दरवर्षी दसरा झाला की पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली गावेच्या गावे रिकामी होतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशा कोयत्यांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांचा करार झाला तेव्हा तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. चांगली जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते, म्हणजे दोन माणसांच्या मरमर कष्टाचे सातशे रुपये होतात आणि त्यातूनच आधी घेतलेली उचल फिटते. त्याच उसाला 2024-25 च्या हंगामात केंद्राने टनाला 3,400 रुपये रास्त दर ठरवला होता. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली आणि तिच्यासमोर जे आकडे आले ते असे होते: पाहणी झालेल्या 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले. कामावर एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात, अशा व्यवस्थेत राबणाऱ्या या बायका आहेत. ज्या जिल्ह्याने राज्याच्या साखर उद्योगाला अर्धशतक शरीर पुरवले त्याला आळशी म्हणताना निदान हा हिशेब डोळ्यांसमोर असायला हवा. शिवाय चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटी पाळ्या करणाऱ्या पोरांची गावे विचारा. आष्टी, गेवराई, माजलगाव ही नावे तिथे नवी नाहीत. हाच मुलगा चाकणला बारा तास यंत्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या स्वभावात खोट निघत नाही. मग प्रश्न माणसाचा राहत नाही. यंत्र चाकणला का आणि बीडला का नाही, हा प्रश्न उरतो.

यंत्राला पहिल्यांदा पाणी लागते. बीड पर्जन्यछायेत आहे, बालाघाटच्या डोंगररांगांवर पडणारे पाणी उतरते आणि वाहून जाते, हे भूगोलाचे सत्य. पण अडवलेल्या पाण्याचे काय होते हा भूगोलाचा प्रश्न नाही. मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. त्यावर केज, अंबाजोगाई, धारूर अवलंबून आहेत आणि लातूर शहर व तिथली औद्योगिक वसाहतही आहे. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती देशभर गाजली. ज्या धरणाचा तळ उघडा पडला म्हणून ती पाठवावी लागली ते बीड जिल्ह्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लातूरच्या माणसाचे पाणी तोडावे असे मी म्हणत नाही, तहान दोघांची सारखीच आहे. धरण एका जिल्ह्यात आणि त्यावर वाढलेली उद्योगवसाहत दुसऱ्या जिल्ह्यात, हा नियोजनात घेतलेला निर्णय आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. परळीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1971 मध्ये सुरू झाला. जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा उद्योग 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावा लागला. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. त्या वेळी केंद्र बंद पाडायला कोणताही गुंड आला नव्हता. सरकारी मालकीचा, हजारो कोटींचा प्रकल्प जिथे पाण्याअभावी थांबतो तिथे खासगी गुंतवणूकदाराने कोणत्या भरवशावर शेड उभारावी? याच मुद्द्यात स्थानिक नेतृत्वाचा दोष आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या जिल्ह्यात एकामागून एक साखर कारखाने काढले गेले. साखर कारखाना म्हणजे उद्योग आणि उद्योग म्हणजे साखर कारखाना, असे समीकरण रुजले. जे पाणी कमी तहानेच्या धंद्यांना पुरले असते ते उसाने पिऊन टाकले.

रेल्वेची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात वाद घालण्यासारखे काही नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. बीड शहरात प्रवासी गाडी आली 17 सप्टेंबर 2025 रोजी. मंजुरी मिळाली त्या वर्षी जन्मलेले मूल तिशीत आले तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी इंजिनाची शिट्टी ऐकू आली, आणि पुढचा परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकी होता. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी मात्र निजामाच्या काळापासून रेल्वेवर आहे, आणि जिल्ह्यातला एकमेव मोठा अवजड उद्योग परळीलाच आला, कारण कोळसा रेल्वेने येतो. एकाच जिल्ह्यात, त्याच माणसांत, जिथे रूळ होते तिथे वीज केंद्र उभे राहिले. स्वभावाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या एका वस्तुस्थितीचा खुलासा करावा.

आता माल घ्या. बीड कापसाचा मोठा जिल्हा आहे. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग आहे. एक क्विंटल कापसातून साधारण पस्तीस किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रकने गुजरातला, तमिळनाडूला सूतगिरण्यांकडे जातात. जिनिंग हे सगळ्या साखळीतले सर्वांत कमी मजुरीचे, काही महिनेच चालणारे काम आहे. सूत, विणकाम, रंगकाम, शिलाई या पुढच्या प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि बारमाही रोजगार वाढतो. त्या सगळ्या पायऱ्या बीडबाहेर आहेत. सूतगिरणीला अखंड वीज लागते, वर्षभराचा कापूस हंगामात विकत घेऊन ठेवण्याइतके खेळते भांडवल लागते आणि गाठी व सूत हलवायला स्वस्त वाहतूक लागते. या तिन्हींची सोय करणे एकट्या शेतकऱ्याच्या किंवा जिनिंगवाल्याच्या आवाक्यातले नाही. जगात जिथे जिथे कापड उद्योग वाढला तिथे राज्यकर्त्यांनी किंवा मोठ्या व्यापारी पेढ्यांनी ही सोय केली.

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळते. मोठ्या कारखान्याची वाट का बघता, गावात छोटा धंदा उभारा, स्वतःचा ब्रँड काढा, इन्स्टाग्रामवर विका, सगळे जग तुमचे गिऱ्हाईक आहे. सल्ला देणाऱ्याच्या हेतूवर मला शंका नाही, त्याने मालाचा अभ्यास केलेला नाही एवढेच म्हणायचे आहे. बीडच्या सीताफळाचे उदाहरण घेऊ. बालाघाटच्या डोंगरात ते आपोआप उगवते, त्याच्या गोडीला तोड नाही आणि 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ज्याला ब्रँड म्हणतात तो सरकारी शिक्क्यासह हातात आहे. पण झाडावरून उतरवलेले सीताफळ दोन-चार दिवसांत पिकते आणि लगेच उतरते. गर काढला की हवेने काळा पडतो, आणि तापवून टिकवावा तर कडवट होतो. म्हणून तो झटपट गोठवून उणे अठरा अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि गिऱ्हाइकापर्यंत त्याच थंडीत पोहोचवावा लागतो. त्यासाठी शीतगृह हवे, खंड न पडणारी वीज हवी, थंड गाड्या हव्यात. यातली एकही गोष्ट मोबाइलवर मिळत नाही. आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणीच बघत नाही. सीताफळाचा भर हंगाम सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि नेमके त्याच दिवसांत गर काढू शकणारे हात कोयता घेऊन जिल्ह्याबाहेर पडतात. उचल उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घेऊन झालेली असते, त्यामुळे थांबण्याचा पर्यायच नसतो. जो धंदा उभा करायचा त्याचा मजूर आधीच दुसऱ्या धंद्याला गहाण पडलेला आहे. ही गाठ उचलीच्या पद्धतीला हात घातल्याशिवाय सुटणार नाही, आणि ती सोडवणे हे प्रेरणादायी भाषणाचे काम नाही. त्याला कायदा आणि पतपुरवठा लागतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. कोणी म्हणेल, हे सगळे खरे धरले तरी खंडणी खरी आहे, खून खरा आहे, आणि असे घडते तिथे पैसा का यावा? आक्षेप रास्त आहे. गुंतवणूकदार घाबरला तर त्याला दोष देता येत नाही, आणि देशमुखांच्या मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी या मागणीत तसूभरही कमी करता येणार नाही. पण खंडणी कुठे मागितली जाते ते पाहा. बीडच्या माळावर पवनचक्क्या येतात तेव्हा त्यांची पाती, मनोरे, जनित्रे बाहेरून तयार होऊन लांबलचक ट्रेलरवरून येतात. जिल्ह्याच्या वाट्याला जमिनीचा व्यवहार, रस्त्याचे काम, मुरूम, सुरक्षारक्षक आणि मजूर पुरवण्याचे कंत्राट एवढेच येते. उभारणी संपली की पवनचक्की फिरत राहते, वीज तारेतून निघून जाते आणि मोजक्या माणसांचे काम उरते. म्हणजे प्रकल्पातला स्थानिक पैसा थोड्या महिन्यांत, थोड्या हातांतून जातो, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर जो दांडगाई करून उभा राहील तो मालक होतो. परळीच्या राखेचेही तसेच आहे. वीज केंद्रांची राख वीट, सिमेंट, रस्त्यांसाठी वापरात आणण्याची सक्ती केंद्र सरकारच्या अधिसूचनेने 1999 पासून आहे. ती राख विटांच्या आणि ब्लॉकच्या शेकडो लहान कारखान्यांचा कच्चा माल ठरू शकली असती. पण उचलण्याच्या आणि वाहतुकीच्या हक्कावर टोळ्यांनी कब्जा केल्याच्या तक्रारी परळीत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. वाळूचे वेगळे सांगायला नको. जिथे वस्तू तयार होते तिथे पैसा हजार घरांत पगार होऊन जातो आणि तो लुबाडायला हजार घरांशी भांडावे लागते. जिथे फक्त ठेका असतो तिथे एका माणसाला धमकावले की काम होते. बीडला वर्षानुवर्षे ठेकेच मिळाले, कारखाने मिळाले नाहीत. दहशत याच मातीत पोसली गेली.

आणि ज्या घटनेवरून सगळ्या जिल्ह्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते ती घटना नीट वाचली तर काय दिसते? पवनऊर्जा कंपनीच्या जागेवर येऊन रखवालदाराला मारहाण झाली. रखवालदार मस्साजोगचा, गावातला गरीब माणूस. त्याच्यासाठी गावचा सरपंच धावून गेला, आणि तपासात पुढे आलेल्या घटनाक्रमानुसार तोच राग धरून तीन दिवसांनी त्याचे अपहरण झाले व त्याला हालहाल करून मारण्यात आले. खंडणीच्या आड येऊन जीव गमावणारा माणूस बीडचाच होता. त्याच्यासाठी महिनोन् महिने रस्त्यावर उतरलेले लोकही बीडचेच होते. पिस्तूल घेतलेला पोरगा बीडचा प्रतिनिधी आणि रखवालदारासाठी उभा राहिलेला सरपंच अपवाद, हे कोणी ठरवले? हे ठरवले ते रीलच्या बाजाराने. पिस्तुलाची पंधरा सेकंदे लाखो वेळा फिरतात, जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत राबणारी बाई कोणी फिरवत नाही. त्या प्रकरणानंतर जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले, अनेक परवाने रद्द झाले, समाजमाध्यमांवर शस्त्रे मिरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आडनावावरून जात काढून शेरे मारण्याचा प्रकार इतका वाढला होता की पोलिसांच्या नावपट्टीवर फक्त नाव ठेवण्याचा निर्णय पोलीस अधीक्षकांनी घेतला. परवाने वाटणारे आणि वाटू देणारे यांना जाब विचारायलाच हवा. तो विचारणे सोडून पंचवीस लाख लोकांच्या स्वभावावर बोट ठेवले की खरे जबाबदार सुटून जातात.

‘बिहार’ हा शब्द ज्या अर्थाने शिवीसारखा वापरला जातो तोही तपासून घ्यायला हवा. बिहारच्या मधेपुरा इथे बारा हजार अश्वशक्तीची विद्युत इंजिने तयार होतात. सारण जिल्ह्यातल्या मढौऱ्याच्या कारखान्यात तयार झालेले डिझेल इंजिन जून 2025 मध्ये आफ्रिकेतल्या गिनी देशासाठी रवाना झाले. बिहारी माणसाचा स्वभाव एका रात्रीत बदलला म्हणून हे झाले का? भारतीय रेल्वेने शेकडो इंजिनांच्या खरेदीचा दीर्घ करार केला, जागा दिली, परदेशी कंपन्यांना भागीदार केले, म्हणून झाले. हमखास गिऱ्हाईक आणि सरकारचा निर्णय या दोन गोष्टी मिळाल्यावर ज्याला कारखानदारीचे स्मशान म्हणत होते तिथून निर्यात सुरू झाली.

मराठवाड्यातच छत्रपती संभाजीनगर वाढले, मग बीड का नाही, असेही विचारले जाते. हा प्रश्न खरे तर माझ्या बाजूचा आहे. जायकवाडीचे पाणी, एमआयडीसीने आखलेल्या वसाहती, मागास भागासाठी सवलती, विमानतळ आणि मोठ्या शहराची सोय हे सगळे एकत्र आले आणि बजाज ऑटोने 1985 मध्ये वाळूजला कारखाना सुरू केला. त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे शेकडो कारखाने आले. मराठवाड्याच्या माणसाला यंत्र झेपते हे तिथे चाळीस वर्षे सिद्ध होत आहे, आणि त्यात बीडहून गेलेले हात मोजावेत एवढे आहेत. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल 1984 चा आणि केळकर समितीचा 2013 चा. दोन्ही वेळा मागासलेपण आकड्यांत मांडले गेले. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, त्याची मुदत 2020 मध्ये संपली. नेतृत्वाचा मुद्दा इथे टाळता येणार नाही. सुंदरराव सोळंके आणि गोपीनाथ मुंडे असे दोन उपमुख्यमंत्री या जिल्ह्याने दिले. ऊसतोड मजुरांना आवाज मिळाला तो याच राजकारणातून, हे मोलाचे आहे. पण मजुरीचा दर वाढवण्यावर राजकारण उभे राहिले आणि कोयता सुटावा म्हणून पर्यायी रोजगार उभारण्याची धडपड तेवढ्या जोराने झाली नाही. हा दोष पक्षांना आणि पुढाऱ्यांना लागू आहे, फडात राबणाऱ्याला नाही.

भांडवल लावायची इथल्या लोकांची तयारी नसते, हा उरलेला आक्षेप सर्वांत निर्दय आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत साडेतीन हजार कोटींहून अधिक ठेवी अडकल्या. शिक्षक, छोटे व्यापारी, शेतकरी, जमीन संपादनाचे पैसे मिळालेले लोक, लेकीच्या लग्नासाठी साठवणाऱ्या आया असे बीडसह मराठवाड्यातले लाखो ठेवीदार. ठेवी एका उद्योगसमूहाकडे वळवल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. पण एक गोष्ट निकालाची वाट न बघता सांगता येते. ज्या दुष्काळी पट्ट्याला कफल्लक म्हटले जाते त्याने पोटाला चिमटा घेऊन हजारो कोटी रुपये बाजूला टाकले होते. बहुराज्य सहकारी संस्थांवर देखरेख दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाची असते. ती वेळेवर झाली असती तर तो पैसा वाचला असता. आता त्या ठेवीदाराने धाडस करून नवा धंदा काढावा असे सांगताना त्याची जप्त मालमत्तांतून होणारी परतफेड कुठवर आली, हे आधी विचारायला हवे.

अहिल्यानगरहून रूळ बीडपर्यंत आले आहेत आणि परळीपर्यंत जायचे आहेत. मालधक्के कुठे व्हायचे, त्यांच्या शेजारी शीतगृहाला आणि सूतगिरणीला जागा राखायची की नाही, धरणांतल्या पाण्यात बिगर-ऊस उद्योगाचा वाटा किती धरायचा, परळीची राख स्थानिक वीटउत्पादकाला उघड लिलावाने आणि पोलीस बंदोबस्तात मिळणार का, पवनऊर्जा कंपन्यांना जमीन देताना देखभालीची आणि सुट्या भागांची कामे जिल्ह्यातच करण्याची अट घालायची का, हे निर्णय येत्या काही वर्षांत मुंबईत आणि बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात व्हायचे आहेत. त्यांच्यावर बोलायला तांत्रिक माहिती लागते, फायली वाचाव्या लागतात, पाणीवाटपाचे तक्ते समजून घ्यावे लागतात. बीडविषयी ज्यांना खरोखर काही म्हणायचे आहे त्यांनी ते तक्ते मागवावेत आणि तिथून बोलायला सुरुवात करावी.